अकरा टीएमसीच्या काठावर

दरवर्षी जुलै लागला, की अहिल्यानगर जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एक आकडा रोज छापून येऊ लागतो. भंडारदऱ्यात आज किती दशलक्ष घनफूट पाणी, चोवीस तासांत किती आवक, घाटघरला किती पाऊस, रतनवाडीला किती. संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडचा शेतकरी सकाळी चहा घेता घेता तो वाचतो. आकडा ११,०३९च्या, म्हणजे अकरा टीएमसीच्या, जवळ पोचला, की धरण भरले आणि उसाच्या, डाळिंबाच्या, गव्हाच्या वर्षाचा मोठा घोर मिटला. पंधरा ऑगस्टच्या आत भंडारदरा भरावे, अशी या खोऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची अपेक्षा असते. धरण भरून वाहू लागल्याची बातमी आली, की लाभक्षेत्रातल्या गावांत समाधान पसरते.

त्याच पाण्याकडे मुंबई, पुणे आणि नाशिकचा पाहुणा वेगळ्या ओढीने येतो. त्याला काठावर तंबू लावायचा असतो, सकाळच्या निवांत पाण्यात कयाक घालायची असते, रतनगडाचे नेढे पाहायचे असते, कळसूबाईच्या माथ्यावरून सूर्योदय पाहायचा असतो. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भंडारदऱ्याच्या काठाने तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या, शनिवार-रविवारी घोटीचा रस्ता गाड्यांनी भरू लागला आणि पूर्वी गिर्यारोहकांपुरता असलेला हा मुलूख कुटुंबांच्या सहलींचा झाला.

शेतकऱ्याचे आणि पाहुण्याचे तळे एकच आहे, आणि ते कामाचे तळे आहे. सिंचनाच्या आवर्तनांप्रमाणे त्याची पातळी उतरते, काठ सरकतो, धबधबे सुरू होतात आणि बंदही होतात. ऑक्टोबरात जिथे कयाक सहज फिरते, तिथे मे महिन्यात गुरे चरतात. भंडारदऱ्याला जायचे तर आधी या तळ्याचे वर्ष समजून घ्यावे लागते. ते समजले, की कधी वल्हवायचे, कधी चढायचे, तंबू कुठे लावायचा आणि कोणते महिने लांबच राहायचे, याची उत्तरे मिळू लागतात.

भिंत

सह्याद्रीत निसर्गतः तयार झालेली मोठी सरोवरे नाहीत. बेसॉल्टच्या थरांवर पडलेला पाऊस कड्यांवरून कोसळतो आणि काही दिवसांत देशावर किंवा कोकणात निघून जातो. त्याला डोंगरातच थोपवायचे, तर दरीच्या तोंडाशी भिंत घालावी लागते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी मुंबई इलाख्यातला कोरडा पट्टा होरपळून निघाला. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या सिंचन आयोगाने अवर्षणग्रस्त भागासाठी कालव्यांचा विचार पुढे नेला. प्रवरेचे खोरे त्यासाठी सोयीचे होते. नदीचा उगम रतनगडाच्या परिसरात, जिथे पाऊस धो धो कोसळतो. तिचे पाणी हवे होते पूर्वेकडच्या मैदानात, जिथे पाऊस कसाबसा पडतो.

शेंडी गावाजवळ दोन डोंगर एकमेकांच्या जवळ येतात. तिथे १९१० मध्ये काम सुरू झाले. दगडी बांधकामाची ही भिंत ८२.३५ मीटर उंच आणि ५०७ मीटर लांब आहे. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, म्हणून धरणाला विल्सन डॅम हे नाव पडले. जलाशयाचे नाव आर्थर लेक. लोकांच्या तोंडी मात्र भंडारदराच राहिले. त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत त्याची गणना होत होती.

धरणातले पाणी मोऱ्यांतून नदीत सुटते, खाली ओझरच्या बंधाऱ्यापाशी अडते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतात जाते. या पाटपाण्यावर नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस उभा राहिला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यालाही याच नदीचे नाव मिळाले. प्रवरा पुढे नेवाशावरून जाते. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी याच नदीकाठी सांगितली गेली. टोक्याला प्रवरा गोदावरीत मिळते. रतनवाडीच्या ओढ्यात पाय घालून बसलेल्या माणसासमोरून जे पाणी जाते, त्याला एवढा लांबचा प्रवास असतो.

१९६९ मध्ये या भिंतीने सर्वांना धास्ती घातली. दगडी बांधकामाला तडे गेलेले आढळले. मग खालच्या अंगाने भक्कम टेकू उभारून भिंतीला बळकटी देण्यात आली. आज धरणाच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले, की ते टेकू स्पष्ट दिसतात. बहुतेक पाहुणे त्यांच्याकडे पाठ करून धबधब्याचे फोटो काढतात. खरे तर दगड, चुना आणि नंतरचे काँक्रीट यांच्या या जोडकामामुळेच ते तळे आजही तिथे आहे.

ज्याचे फोटो काढले जातात, तो अंब्रेला फॉल हाही धरणाच्या कारभाराचाच भाग. दोनशे फुटांच्या पातळीवरच्या मोरीतून सोडलेले पाणी एका गोलसर खडकावर पडते आणि चहूबाजूंनी छत्रीसारखे पसरत खाली येते. मोरी उघडी असेल तर धबधबा, बंद असेल तर कोरडा खडक. काही किलोमीटर खाली रंधा येथे प्रवरा १७० फूट खोल घळीत उडी घेते. तिचा जोरही वरून किती विसर्ग सुरू आहे यावर ठरतो. आवर्तन सुरू आहे का, एवढी चौकशी करून निघालेल्या कुटुंबाला भरलेला रंधा दिसतो. चौकशी न करता आलेल्याला कधी कधी नुसता काळा कडाच.

काठ

मुंबई–नाशिक महामार्गावर इगतपुरीच्या पुढे घोटी लागते. तिथून दक्षिणेला वळलेला रस्ता बारी गावावरून शेंडीला येतो. शेंडीच्या बाजूला धरणाची भिंत, आणि तिथून पश्चिमेकडे पसरलेले पाणी. तळ्याला वळसा घालणारा रस्ता, म्हणजे रिंगरोड, आहे. उत्तरेच्या काठाने मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे घेत तो घाटघरला पोचतो, तिथून साम्रद, मग रतनवाडी, आणि दक्षिणेच्या काठाने कोलटेंभे, मुतखेल करत पुन्हा शेंडी. डाव्या-उजव्या हाताला भातखाचरे, मधेच झाडी, वळणावळणाला पाणी.

हा सारा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात शेकरू आहे, बिबट्या आहे, आणि सदाहरित ते पानझडी अशा सर्व तऱ्हांची झाडी आहे. प्रवेशनाक्यावर पावती फाडताना अनेकांना ती पर्यटनस्थळाची फी वाटते. आपण अभयारण्यात शिरतो आहोत, हे तिथेच लक्षात घ्यायला हवे. कारण कुठे थांबावे, किती आवाज करावा, शेकोटी पेटवावी की नाही, या सगळ्याची उत्तरे त्या पावतीत दडलेली आहेत.

घाटघर हे या तळ्याचे पाण्याचे कोठार. समुद्रावरून आलेले ढग कोकणकड्याला धडकून इथे रिते होतात. नगर जिल्ह्याची चेरापुंजी ही घाटघरची जुनी ओळख आहे. चांगल्या वर्षी इथला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. त्याच अकोले तालुक्याच्या पूर्व टोकाला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. घाटघरच्या कड्यावरून खाली शहापूर तालुक्याची हिरवळ दिसते. इथेच उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा पाणी कड्याच्या पायथ्याच्या धरणातून वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. २५० मेगावॉटचा हा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. कड्यावर उभ्या असलेल्या पाहुण्याच्या पायाखाली, डोंगराच्या पोटात, तेच पाणी वर-खाली फिरत असते.

वल्हे

भंडारदऱ्यात पाणी सर्वांत सुंदर असते ते ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. ऑगस्ट-सप्टेंबरात तळे तुडुंब असते, पण ओढे अजून जोरात असतात, पाणी गढूळ असते आणि आभाळाचा भरवसा नसतो. दिवाळीच्या सुमारास गाळ तळाशी बसतो, पाणी निवळते, पातळी अजून वरच असते आणि डोंगर हिरवे असतात.

पहाटे धुके उठले की पाण्याची कड निश्चल असते. वल्हवायची वेळ हीच. सूर्य वर चढला की जमीन तापते, दऱ्यांतून वारा खेळू लागतो आणि दुपारपर्यंत मोकळ्या पाण्यात लाटा उठतात. काठावरून त्या किरकोळ वाटतात. कयाकमध्ये बसलेल्या नवख्या माणसाला मात्र परतताना प्रत्येक हात जड होतो. म्हणून जाणकार आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जातात. ताकद असते तेव्हा कष्टाचा टप्पा पार पडतो आणि येताना वारा पाठीशी असतो. नवख्यांनी काठ सोडून मधल्या विस्ताराकडे जाऊ नये. मुरशेत-मुतखेलच्या बाजूंना डोंगराच्या सोंडांमध्ये पाणी आत शिरून जे आडोसे तयार झालेत, ते शिकायला उत्तम.

इथल्या तंबूतळांवर बहुधा वरून उघड्या, वर बसायच्या प्लॅस्टिकच्या कयाक असतात. त्यांत शिरलेले पाणी भोकांतून आपोआप निघून जाते आणि त्या सहसा बुडत नाहीत. दोघांच्या कयाकमध्ये जड आणि अनुभवी माणूस मागे बसतो, कारण दिशा मागूनच सांभाळली जाते. पुढच्याने लय धरायची, मागच्याने तीच लय राखायची. नवखा माणूस फक्त दंडाच्या जोरावर वल्हे ओढतो आणि वीस मिनिटांत दमतो. वल्हे पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालून कमरेतून वळत मागे आणले, की पाठीचे मोठे स्नायू कामाला येतात. मग तासभर वल्हवूनही हात भरून येत नाहीत.

कयाक उलटली तर तिला सोडू नये, हा पहिला धडा. माणसाचे डोके लाटांत दिसत नाही, कयाक लांबूनही दिसते. उलटी झालेली कयाक सरळ करायची, तिच्या मध्यावर दोन्ही हात टेकवून पाय मारत पोटावर चढायचे, आणि मग वळून बसायचे. हे काठाजवळ, छातीभर पाण्यात, दोन-चारदा करून पाहिले की भीती जाते. लाइफ जॅकेटच्या सर्व पट्ट्या आवळलेल्या हव्यात. सैल जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून वर सरकते. पोहता येते म्हणून जॅकेट न घालणारा आणि फोटोसाठी ते काढून ठेवणारा, दोघेही सारखेच धोक्यात असतात. धरण भरलेले असताना भिंतीजवळ पाणी दोनशे फुटांहून खोल असते. भिंतीच्या आणि मोऱ्यांच्या आसपास वल्ह्यांना काहीच काम नाही.

प्रवरेचे पाणी किती कठोर असू शकते, हे २०२४च्या मे महिन्यात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अकोले तालुक्यातच, धरणाच्या बऱ्याच खाली सुगावजवळ, नदीत बुडालेल्या तरुणांचा शोध घ्यायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथक आले होते. त्यांची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित, साधनांनी सज्ज, पाण्याशी रोजचा संबंध असलेली ती माणसे होती. त्यांची आठवण ठेवून तरी काठावर मद्य घेऊन पाण्यात उतरण्याचा प्रकार पूर्ण थांबला पाहिजे. तंबूचालकांनी त्याबाबत पाहुण्याला स्पष्ट नकार द्यावा, आणि पाहुण्याने तो आदराने मानावा.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरच्या साहसी उपक्रमांसाठी आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षेचे नियम त्यात आहेत. आरक्षण करताना दर आणि जेवणाचा बेत विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदणी आहे का, सोबत प्रशिक्षित जीवरक्षक असतो का, आणि लहान मुलांच्या मापाची जॅकेट आहेत का.

चढ

जुने गिर्यारोहक रतनगडाला जायचे ते शेंडीहून लाँचने. होडी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला, रतनवाडीच्या दिशेने सोडायची आणि पुढचे अंतर पायी. पाणी भरलेले असेल तर होडी गावाच्या बरीच जवळ जायची. उन्हाळ्यात तीच होडी अलीकडे थांबायची आणि उघड्या पडलेल्या गाळातून लांबची चाल पडायची. रस्ता झाल्यावर ही वाट मागे पडली. पण सोबत अनुभवी मार्गदर्शक असलेल्या, वल्हवण्याचा सराव असलेल्या गटाला हिवाळ्याच्या सकाळी पाण्यातून रतनवाडीच्या बाजूला जाणे आणि तिथून गडाची वाट धरणे, यापेक्षा चांगला दिवस या मुलखात क्वचित मिळेल.

रतनवाडीत आधी अमृतेश्वराचे मंदिर. झंज राजाने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधली, अशी परंपरा आहे, आणि प्रवरेच्या उगमाजवळचे ते हे. काळ्या दगडात कोरलेले खांब, छतावरची नक्षी, शिखरावरच्या बारीक प्रतिकृतींच्या रांगा. इतक्या पावसाच्या गावात हजार वर्षांच्या आसपासचे हे कोरीवकाम अजून ठळक राहिले आहे. जवळच देवकोष्ठांनी वेढलेली पुष्करणी आहे. तिच्या पायऱ्यांवर चपला घालून उतरू नये.

गडाची वाट सुरुवातीला प्रवरेचेच पात्र ओलांडत दाट झाडीतून जाते. एक वाट कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे फुटते, त्यामुळे मार्गदर्शक नसलेले गट इथे चुकतात. पुढे कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या, मग गणेश दरवाजा, गुहा आणि पाण्याची टाकी. सर्वांत वर नेढे, म्हणजे वाऱ्यापावसाने कातळात आरपार पाडलेले भोक. त्यात बसले की एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला अलंग, मदन, कुलंगची रांग. पावसाळा सरता सरता गडाचे पठार सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरते. फुलांच्या मधोमध बसून फोटो काढायला गेले की ती तुडवली जातात. मळलेल्या वाटेवरूनही फोटो तितकेच चांगले येतात. त्र्यंबक दरवाजाच्या कोरीव पायऱ्यांनी साम्रदकडे उतरता येते, पण उतार खडा असल्याने सराव हवा.

कळसूबाई तळ्याच्या उत्तरेला. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. बारी गावातून निघालेली वाट आधी शेतांतून, मग कातळाच्या टप्प्यांनी वर चढते. अवघड टप्प्यांवर शिड्या आणि कठडे आहेत. साधारण तीन तासांचा चढ. माथ्यावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. नवरात्रात पंचक्रोशीतले लोक दर्शनाला चढतात, त्यात म्हातारी माणसे आणि कडेवर मूल घेतलेल्या बायाही असतात. शहरातून आलेल्यांसाठी हा ट्रेक, गावासाठी कुलदैवताची वारी. माथ्यावर मोठ्याने गाणी लावणाऱ्यांना हा फरक कुणीतरी सांगायला हवा.

साम्रदची सांधण दरी ही तिसरी वाट, चढाऐवजी उताराची. कातळातली एक अरुंद भेग पाण्याने खोल खोल कोरत नेली आणि दोन्ही बाजूंना शेकडो फूट उंच भिंती उभ्या राहिल्या. आत सूर्यप्रकाश दिवसातून थोडाच वेळ पोचतो. सुरुवातीच्या डबक्यांतून कमरेपर्यंत पाण्यात चालावे लागते. शेवटचे टप्पे दोर लावूनच उतरता येतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी ही दरी अद्भुत आहे. पावसाळ्यात मात्र वरच्या पठारावर पडलेल्या सरीचे पाणी काही मिनिटांत या भेगेत उतरते, आणि तिथून पळायला जागा नाही. जून ते सप्टेंबर सांधणीत पाऊल टाकू नये.

रात्र

दिवाळीच्या सुट्टीत येणारे पाहुणे नेमके भाताच्या सोंगणीत येतात. खाचरांत पीक पिवळे झालेले, खळी सारवलेली, घरातला प्रत्येक माणूस शेतात. दिवसभर कापणी करून संध्याकाळी तोच माणूस तंबूतळावर भाकऱ्यांची व्यवस्था पाहतो. म्हणून जेवायला अर्धा तास उशीर झाला तर तक्रार करू नये. पानात जे येते ते याच मातीतले असते: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, खुरासणीची चटणी, इंद्रायणीचा वाफाळता भात, कधी तळ्यातला मासा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, पारा कधी दहा अंशांच्या खाली जातो. पाण्याच्या अगदी कडेला तंबू लावण्याचा मोह अनेकांना होतो. तिथे दव जास्त, गारवा जास्त, आणि पातळी उतरलेल्या काठावर खाली ओला गाळ. कडेपासून थोडे वर, उताराच्या आडोशाला, वाळक्या फांद्या नसलेल्या झाडापासून दूर, सपाट आणि कोरडी जागा चांगली. उभ्या पिकाच्या बांधावर तंबू नको. गवत वाळलेले असते, म्हणून शेकोटी फक्त चालकाने ठरवलेल्या जागी, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवलेली. भांडी घासायचा साबण तळ्यात जाऊ नये. हे पाणी कुणाच्या तरी नळाला आणि पाटाला जाणार असते.

मे महिन्याच्या अखेरीस तळ्याचे रूप पार बदलते. सिंचनाची आवर्तने होऊन पाणी खूप खाली गेलेले असते आणि पश्चिमेकडचा बराच तळ उघडा पडतो. वल्हवणाऱ्यांचा हंगाम संपतो आणि काजव्यांचा सुरू होतो. वळवाच्या सरी पडल्या, की हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर हजारो काजवे लुकलुकू लागतात. कधी एका झाडावरचे सारे एकदम पेटतात, एकदम विझतात. पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हे दोन-तीन आठवडे चालते.

काजव्याचे प्रौढ आयुष्य तेवढेच. त्याआधीचे बरेच महिने तो अळीच्या रूपात ओल्या पालापाचोळ्यात काढतो आणि गोगलगायींवर जगतो. लुकलुकणे ही नर-मादीची एकमेकांना घातलेली साद असते. गाडीचे दिवे, मोबाइलचे झोत, तंबूंच्या विजेच्या माळा यांनी ती साद बुडते, आणि न झालेल्या मिलनाची किंमत पुढच्या वर्षी दिसते. झाडाखालून चालणाऱ्यांच्या पायाखाली माद्या आणि अंडी चिरडली जातात. या दिवसांत शनिवारी रात्री रिंगरोडवर गाड्यांच्या रांगा लागतात. वनविभागाने आणि गावसमित्यांनी वेळेची व वाहनांची बंधने घातली आहेत. ती आणखी कडक झाली तरी तक्रारीला जागा नसावी. मधल्या वारी यावे, गाडी लांब ठेवावी, गावातल्या माणसाबरोबर अंधारात चालत जावे आणि रस्त्यावरूनच पाहावे.

गावे

तळ्याभोवती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. देशी वाणांचे बियाणे जपल्याबद्दल पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. इथल्या काळभातासारख्या वासाच्या तांदळाची आणि रानभाज्यांची किंमत त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे शहरांना कळू लागली.

आणि याच गावांना एप्रिल-मेमध्ये प्यायच्या पाण्याची टंचाई सोसावी लागते. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस जिथे पडतो, तिथल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन झऱ्यांवर जातात, कारण तीव्र उतारावर आणि अभेद्य कातळावर पाणी मुरत नाही. समोरच्या तळ्यातले पाणी खालच्या लाभक्षेत्रासाठी राखलेले. दरीतली सपाट, चांगली जमीन शंभर वर्षांपूर्वीच पाण्याखाली गेली. पावसावरचे एकच पीक निघाले, की अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव, संगमनेरकडे जातात.

पर्यटनाने यात खरा फरक पडू शकतो, आणि तो पडताना दिसतोही आहे. वाट दाखवणे, तंबू सांभाळणे, जेवण करून देणे, गाडी चालवणे, यातून हिवाळ्यात घरीच राहून कमाई होऊ लागली. अकोले तालुक्यातल्याच पुरुषवाडीत गावाने मिळून पाहुणे घरोघरी उतरवण्याची पद्धत बसवली, आणि उत्पन्न वाटून घेता येते हे दाखवून दिले. याच्या उलट, बाहेरच्या भांडवलाने काठावरची जागा भाड्याने घेऊन चालवलेल्या तळांवर गावकऱ्याच्या वाट्याला केवळ रोजंदारी उरते. हा भाग पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रात मोडतो. किती तंबू, कोणत्या जागी, किती वाजेपर्यंत आवाज, कचरा कुणी न्यायचा, हे ग्रामसभेने ठरवण्याला इथे कायद्याचा आधार आहे. पाहुण्याने जागा निवडताना एवढेच विचारावे, की तळ कुणाच्या मालकीचा आणि राबणारे कुठल्या गावचे.

पाण्यावरचे हक्कही वाढत चालले आहेत. खाली निळवंडे धरण झाले. त्याची क्षमता ८,३२० दशलक्ष घनफूट. ते भरते बहुतांशी भंडारदऱ्यातून आलेल्या पाण्याने, आणि २०२३ मध्ये त्याच्या डाव्या कालव्यातून अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर दुष्काळी गावांना पाणी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, पाऊस कमी झाल्याने, नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीसाठी साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा आदेश निघाला. अशा वर्षी तळ्याचा काठ नेहमीपेक्षा आधी खाली सरकतो. सुट्टीचे बेत आखणाऱ्याने हे गृहीत धरायलाच हवे.

डिसेंबर २०२६ मध्ये भंडारदऱ्याच्या भिंतीला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्ताने रोषणाई आणि महोत्सवांपेक्षा काही साधी कामे व्हावीत. शेंडीच्या चौकात आणि प्रत्येक तंबूतळावर रोजचा साठा, विसर्ग आणि पुढच्या आवर्तनाची तारीख लिहिलेला फलक असावा. जलसंपदा विभाग ही मोजणी रोज करतोच. नोंदणी नसलेली एकही कयाक पाण्यात जाऊ नये. मुरशेत, रतनवाडी, साम्रद, घाटघरच्या तरुणांना जीवरक्षक आणि गिरिभ्रमण मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण मिळावे. काजव्यांच्या पंधरवड्यात रिंगरोडवर खासगी गाड्यांऐवजी गावांच्या जीपगाड्या चालाव्यात. आणि प्रवेशनाक्यावर जमणाऱ्या पैशांतून आधी या गावांच्या विहिरी, झऱ्यांची डागडुजी आणि उन्हाळ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या योजना पूर्ण व्हाव्यात.